पेटी अजून बोलते : आपल्या वस्तीतल्या हौशी आणि निवृत्त वादकांविषयी

दिवाळे गावाच्या जेट्टीवर संध्याकाळी होड्या लागतात, तेव्हा मागे सीबीडी बेलापूरच्या इमारतींचे दिवे लागलेले असतात. गावात कुणाची हळद असली की बेंजोचा आवाज खाडीपर्यंत ऐकू येतो. आगरी-कोळ्यांच्या हळदीत वाजणारी ही बेंजो पार्टी एप्रिल महिना लागला की नवी मुंबईच्या वस्त्यांतून भीमजयंतीच्या मिरवणुकीतही दिसते. चाली बदलतात, ठेका तोच राहतो.

ढोलकीवर बसलेल्या पोराला विचारून पाहा, कुणाकडून शिकलास? क्लासचे नाव क्वचितच येते. बहुतेक वेळा उत्तर मिळते, "आमच्या काकांकडून." हे काका कधी गिरणीत होते, कधी गोदीत, रेल्वेत, महापालिकेत किंवा एसटीत. पाळी संपली की पेटी काढायची आणि रात्री गायचे, सकाळी पुन्हा भोंग्याला हजर. आयुष्यभर त्यांनी वाजवले, पण "तुम्ही काय करता?" या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांनी कधी स्वतःला कलावंत म्हटले नाही. आज ते निवृत्त आहेत. पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर आहे, गाण्यांची वही कपाटात आहे.

हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि खरे तर आपल्याविषयी. कारण हौसेने वाद्य वाजवणे ही आपल्या समाजाला फुकट मिळालेली गोष्ट नाही.

सक्तीचे वाजवणे आणि मर्जीचे वाजवणे

गावगाड्यात वाद्य आणि जात यांची गाठ बांधलेली होती. दवंडी द्यायची तर हलगी कुणी वाजवायची, जत्रेत आणि पाटलाच्या घरच्या लग्नात कुणी वाजवायचे, हे जन्माने ठरलेले होते. ढोलाला कातडे लागते, कातड्याला हात लावणारा हलका मानला जायचा. म्हणजे वाद्य हवे, वाजवणारा मात्र उंबऱ्याबाहेर उभा. मोबदला काय, तर वाट्याचे धान्य किंवा उरलेसुरले अन्न. नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. तमिळनाडूत 'परई' या ढोलाची गोष्ट अशीच आहे. तिथे तर जातीचे नाव आणि वाद्याचे नाव एकमेकांना चिकटलेले. आज तिथले तरुण तोच परई स्वाभिमानाचे वाद्य म्हणून वाजवतात.

बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध आवाज उठवला, १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यासाठी विधेयक मांडले. त्या लढ्याचा गाभा एकच होता, जन्माने लादलेले काम नाकारण्याचा हक्क. त्या हक्कातच दुसरी बाजूही येते, आपल्या मर्जीने एखादे काम निवडण्याचा हक्क. ज्या हातांना आदल्या पिढीत सक्तीने हलगी धरावी लागली, त्याच हातांनी पुढच्या पिढीत स्वतःच्या पगारातून पेटी विकत घेतली. कुणाच्या हुकमाने नव्हे, मन झाले म्हणून वाजवली. 'हौशी' हा शब्द आपण जरा हलक्यानेच वापरतो. आपल्या इतिहासात मात्र हौस हे स्वातंत्र्याचे माप आहे.

जलशापासून गायन पार्टीपर्यंत

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा लोकांना माहीत असलेला साचा घ्यायचा आणि त्यात प्रबोधनाचा आशय भरायचा, ही त्यांची रीत होती. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी हीच वाट पुढे नेली. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातले आघाडीचे नाव. त्यांनी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्या काळाची थोडी तरी नोंद मिळते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत सभेतला विचार पोहोचवण्याचे काम या जलशांनी केले.

मुंबईत कामगारवस्ती वाढली तशी या परंपरेला चाळींची साथ मिळाली. वामनदादा कर्डक यांचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत कष्टाची कामे, अक्षरओळख मोठेपणी. तरीही २००४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये त्यांचे गाणे न ऐकलेले घर सापडणे कठीण होते. विठ्ठल उमप हेही मुंबईच्या नायगावात कामगारांमध्ये वाढले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, विलास घोगरे, ही नावे आपल्याला ठाऊक आहेत.

पण या प्रत्येक मोठ्या नावामागे नाव नसलेले पन्नास जण होते. कोरस धरणारे, खंजिरी वाजवणारे, पेटीवर बसणारे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत गायन पार्ट्या निघाल्या, त्या यांच्या जोरावर. लग्न असो, नामकरण असो, कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, बुद्ध-भीमगीते गायला हीच माणसे येत. त्यांचे नाव कॅसेटच्या वेष्टनावर छापले गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर जायचे होते.

बैठक चालते कशी?

तरुण मित्रांपैकी अनेकांनी गायन पार्टी मंचावर पाहिली आहे, पण जवळ बसून पाहिलेली नाही. म्हणून थोडे समजून घेऊ.

पेटीवाला आधी गायकाला विचारतो, कुठल्या पट्टीत? उत्तर येते, "काळी एक" किंवा "पांढरी चार". पेटीच्या पट्ट्यांच्या रंगावरून आणि क्रमावरून ठरलेली ही भाषा. तिच्यात गायकाचा सा कुठे आहे ते एका शब्दात कळते. वय वाढले की आवाज उतरतो, आणि तिशीत काळी पाचमध्ये गाणारे काका साठीत खालच्या पट्टीवर येतात. जाणकार पेटीवाला हे न सांगता ओळखतो.

मग ढोलकी सुरात आणली जाते. खाडीकाठच्या दमट हवेत तिचे पान उतरते, म्हणून ती पुन्हा पुन्हा चढवावी लागते. बहुतेक गाणी केरव्यात किंवा दादऱ्यात. केरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा. गायक मुखडा म्हणतो, कोरस तो उचलतो, गायक कडवे घेतो आणि फिरून मुखड्यावर येतो. कोरसचे काम दुय्यम वाटते, पण गायकाला श्वास घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला जी उसंत मिळते ती कोरसमुळेच.

गाण्याची नोंद वहीत असते. त्यात स्वरलिपी नसते, फक्त शब्द आणि वर एक ओळ : 'चाल अमुक'. ती चाल एखाद्या जुन्या चित्रपटगीताची असते, लोकगीताची किंवा कव्वालीची. वही हाती आली तरी चाल माहीत असलेला माणूस नसेल तर ती वही मुकी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणखी एक गोष्ट. आपल्या शाहिरांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे नाव गुंफतात. ही त्यांची सही. आम्ही काही जण एकदा बेलापूर भागातल्या एका निवृत्त काकांच्या घरी बसलो होतो. मोबाईलवर शब्द पाहून आम्ही एक गीत म्हटले आणि वेळ वाचवायला शेवटचे कडवे सोडून दिले. काकांनी पेटीचा भाता थांबवला. लिहिणाऱ्याचे नाव तुम्ही खोडलेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्हाला लाज वाटली. पुस्तकात नाव नाही, पडद्यावर नाव नाही, एका कडव्यात नाव आहे, आणि तेच आम्ही गाळत होतो.

रेडिओला नको होती ती पेटी

ज्या वाद्यांवर आपली गाणी उभी राहिली ती शास्त्रीय मैफलीत मानाची नव्हती. हार्मोनियम युरोपातून आली आणि एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात तिला मांडी घालून बसून एका हाताने भाता मारण्याजोगे रूप मिळाले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. भारतीय संगीतातल्या बारीक श्रुती आणि मींड तिच्यातून निघत नाहीत, असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे तीस वर्षे जी पेटी रेडिओच्या दाराबाहेर होती, तीच पेटी त्या काळात चाळीच्या गच्चीवर बाबासाहेबांचा विचार सांगत होती.

बेंजोची गोष्ट याहून मजेशीर आहे. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरे तर बुलबुल-तरंगाचा विजेवर चालणारा भाऊ. बुलबुल-तरंगाचे मूळ जपानमधले 'तैशोगोतो'. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते तयार केले आणि त्याच्या बटनांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली. सर्वसामान्य माणसाला घरी सहज शिकता यावे असे हे वाद्य समुद्रमार्गे आशियाभर पसरले आणि मुंबईच्या गल्ल्यांत येऊन मिरवणुकीचे झाले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे बसण्याची सोय नसलेल्या कामगाराला अशीच वाद्ये परवडली.

धम्मात संगीत चालते का?

हा प्रश्न आम्हाला कार्यकर्त्यांकडून नेहमी येतो. अष्टशीलात सातवे शील नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचे आहे, मग आपण भीमगीते कशी गातो?

उत्तर सरळ आहे. आपण रोज घेतो त्या पंचशीलात हे शील नाही. अष्टशील उपासक-उपासिका उपोसथाच्या दिवशी घेतात, एका दिवसापुरते मन आवरण्यासाठी. त्या दिवशी ते पाळावे. बाकी दिवशी गृहस्थाला गाण्यास मनाई नाही.

पाली साहित्यात संगीताचे उल्लेख आदराने येतात. सोण कोळिविस भिक्खू होण्यापूर्वी वीणा वाजवत असे. अतिकष्टाने तो निराश झाला तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वाद्याच्या भाषेत समजावले : तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार ढिली सोडली तरी लागत नाही, नेमकी हवी. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो आणि तथागत त्याच्या तारेचा व गळ्याचा मेळ छान जमल्याचे सांगतात. थेरगाथा आणि थेरीगाथा ही तर भिक्खू-भिक्खुणींच्या अनुभवांची काव्येच आहेत.

आणि बाबासाहेब? घटना, मंत्रिपद, ग्रंथलेखन, ढासळती प्रकृती या सगळ्यात आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सिंबायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात आहे. जगातल्या मोठ्या विद्वानांत गणला जाणारा माणूस उतारवयात विद्यार्थी होऊन सा रे ग म घोटतो, यात आपल्या निवृत्त काका-मावशींसाठी केवढा दिलासा आहे! त्यांना मैफल गाजवायची नव्हती. त्यांना वाजवायचे होते.

मध्ये काय घडले?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, चाळी पांगल्या, माणसे उपनगरांत आणि खाडीपलीकडे नव्या मुंबईत आली. एकाच चाळीत राहणारे पेटीवाला, ढोलकीवाला आणि कोरस तीन दिशांना गेले. पार्टी मोडायला भांडण लागत नाही, अंतर पुरते.

त्याच काळात कॅसेट आली. तिने आपली गाणी खेड्यापाड्यांत नेली, हे तिचे उपकार. पण गाणे ऐकायला आता माणसाला बोलवावे लागत नव्हते. मग डीजे आला. आम्ही डीजेवाल्या मित्रांना शिव्या घालणार नाही, तीही आपलीच पोरे आहेत. पण हिशेब मांडू या. एका रात्रीच्या भिंतीएवढ्या स्पीकरला जेवढा पैसा जातो, तेवढ्यात वस्तीतल्या जुन्या वाद्यांची दुरुस्ती होऊन वर्षभर बैठक चालेल. शिवाय रात्री दहानंतर स्पीकर कायद्याने बंदच करावा लागतो. घरात चार माणसांत वाजणाऱ्या पेटीला स्पीकर लागत नाही.

कारखाना बंद पडला की गाणे बंद पडलेच पाहिजे, असेही नाही. इंग्लंडमध्ये ग्राइमथॉर्प या कोळसाखाणीच्या गावात खाण कामगारांनी १९१७ मध्ये ब्रास बँड सुरू केला. १९९३ मध्ये खाण बंद झाली. बँड आजही वाजतो आहे. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात १९९१ मध्ये रॉय अर्न्स्ट या संगीत शिक्षकाने निवृत्त लोकांसाठी बँड काढला, अट एवढीच की शिकायची इच्छा हवी. पुढे अशा बँडची साखळीच उभी राहिली. दोन्हीकडे गुपित एकच : ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि वाट पाहणारी माणसे.

आपण काय करू शकतो?

पहिले, महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. पौर्णिमेची वंदना झाल्यावर विहारातच तासभर बसता येईल. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन अनेक विहारांत होते. वाचनानंतर दोन गाणी, एवढ्यानेही सुरुवात होते. ज्येष्ठांना प्रमुख पाहुणे करून हार घालू नका, त्यांना पेटीवर बसवा. आणि त्यांच्या शेजारी एक तरी पोरगा, एक तरी पोरगी शिकायला बसवा.

दुसरे, माळ्यावरची पेटी खाली काढा. आपल्या हवेत न वाजवलेल्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याला भोके पडतात. दुरुस्ती करणारे कारागीर अजून आहेत.

तिसरे, नोंद करा. मोबाईल पुरेसा आहे. प्रत्येक गाण्याच्या आधी तोंडी सांगून घ्या : गीतकार कोण, चाल कशाची, पट्टी कोणती, कुणाकडून शिकलात, साथीला कोण असायचे. वहीच्या पानांचे फोटो काढा. शेवटचे कडवे गाळू नका. जुन्या कॅसेट असतील तर फिती चिकटून जाण्याआधी डिजिटल करून घ्या. ज्येष्ठांच्या संमतीशिवाय काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका. गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे असतात, म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचे हक्क २०६४ संपेपर्यंत आहेत. गाताना नाव घ्या, छापताना परवानगी घ्या.

हे काम मोठे वाटते, पण झालेले आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून जात्यावर गाणाऱ्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या बाया स्वतःला गायिका म्हणवत नव्हत्या. कुणीतरी जवळ जाऊन बसले म्हणून त्या ओव्या राहिल्या. आपल्या वस्तीतल्या मावशींकडेही रमाईची गाणी आहेत. नोंद करताना फक्त मंचावर बसणाऱ्या पुरुषांकडे जाऊ नका.

चौथे, पोटाचा प्रश्न विसरू नका. आयुष्यभर हौसेने वाजवले म्हणून म्हातारपणी फुकट बोलवावे असे होत नाही. कार्यक्रमाला बोलावले तर मानधन द्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांसाठी आहे. २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये आहे. त्यासाठी कलेच्या कामाचे पुरावे लागतात, आणि आपल्या माणसांची अडचण तिथेच होते. कारण त्यांच्याकडे जुनी पत्रके, फोटो, प्रमाणपत्रे जपलेली नसतात. अर्ज भरून देणे, जुनी पत्रके शोधून देणे हे तरुण कार्यकर्त्यांचे काम आहे.

जन्माने लादलेले वाद्य खाली ठेवायला आपल्या माणसांना लढावे लागले, आणि आवडीचे वाद्य उचलायला पुन्हा कष्ट करावे लागले. ते वाद्य आज तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, कदाचित तुमच्याच घराच्या माळ्यावर आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर लगेच उठू नका. काकांना विचारा, काका, तुमची पट्टी कुठली?

जय भीम! नमो बुद्धाय!